काकांची संमती बाकी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी सांगितले म्हणून लिहीत नाही आणि कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. प्रकृती वयाच्या मानाने ठीक आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला आज वार कोणता असे विचारले, तो मी बरोबर सांगितला.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात सगळे मुलाच्या नावे होते. मुलगा माझ्याआधी गेला, म्हणून ते रद्द समजावे.

कलम १. यात ज्यांचा उल्लेख येईल ती माणसे.

माझा मुलगा. एकुलता एक. गाड्यांमध्ये आणि घरातल्या यंत्रांमध्ये जे सॉफ्टवेअर असते ते लिहिण्याचे काम करीत असे. गेल्याच्या आधीच्या हिवाळ्यात ऑफिसचा जिना चढताना त्याचे हृदय बंद पडले. आदल्या रविवारी तो अगदी धडधाकट होता.

माझी सून. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. मुलगा गेल्यावर तिने माहेरी जावे असे सगळ्यांनी सुचवले. ती गेली नाही. आम्ही दोघी या घरात राहतो.

माझे धाकटे दीर, ज्यांना मी भावजी म्हणते. कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. लग्न केले नाही. दर रविवारी आमच्याकडे जेवायला येतात. माझे पती गेल्यावर मुलाला सायकल, पोहणे आणि उलट बोलणे त्यांनीच शिकवले.

कलम २. राहते घर, वरच्या गच्चीसह, मी सुनेला देत आहे. तिने ते ठेवावे, विकावे किंवा भाड्याने द्यावे. आईंना काय वाटले असते, असा विचार करीत बसू नये. मला काय वाटते ते मी इथे लिहीत आहे, तेवढे पुरे.

माझ्या नणंदेचा या घरावर हक्क नाही. मुलाच्या तेराव्या दिवशी गच्चीकडे बोट दाखवून 'आता ही पत्र्यांची हौस काढून टाका' असे त्या म्हणाल्या होत्या. ते पत्रे नाहीत, सौर पॅनेल आहेत. म्हणणे कदाचित बरोबर असेल, पण दिवस चुकला.

कलम ३. घरातील यंत्रणेविषयी. हे कलम लांब होणार आहे. वकीलबाई म्हणाल्या, इतके लिहायची गरज नाही. पण हे न सांगता पुढची कलमे कोणाला कळणार नाहीत.

गच्चीवरची पॅनेल, जिन्याखालची बॅटरी, पाणी तापवायची टाकी, पंप, खिडक्यांचे पडदे, कपडे धुण्याचे यंत्र आणि दारातली गाडी, हे सगळे मुलाने स्वतः लिहिलेल्या सॉफ्टवेअरवर चालते. कंपन्यांनी दिलेले त्याने काढून टाकले. माझ्या घरातला पडदा कधी पडावा हे परमुलखातल्या कंपनीने का ठरवायचे, असे तो म्हणे. भावजी म्हणत, कंपनीचा माणूस निदान फोन तरी उचलतो, तुझे यंत्र अडले तर बोलवायचे कोणाला? मुलगा म्हणे, 'मला.' त्यावर भावजी विषय बदलत, कारण उत्तर बरोबर होते.

रविवारी जेवणे झाली की दोघांचे सुरू होई. भावजी त्याला शास्त्रज्ञ म्हणत आणि तो त्यांना कोळसाकाका. भावजींचे म्हणणे, आभाळ आले की शास्त्रज्ञाची वीज रजेवर जाते, आणि रजेवर जाणाऱ्याच्या भरवशावर संसार होत नाही. मुलाचे म्हणणे, कोळसा म्हणजे तरी काय, जुने ऊनच. काकांना फक्त शिळे खायची सवय आहे. मी ताटे उचलीत असे. दोघांपैकी कोणी कोणाला पटवले, असे मला आठवत नाही. पण पुढच्या रविवारी दोघेही नवीन मुद्दे घेऊन येत.

एकदा भावजी आले तेव्हा कपडे धुण्याचे यंत्र भरलेले आणि बंद होते. ऊन चढेपर्यंत थांबायचे, असे मुलाने त्याला शिकवले होते. भावजींनी ते बाहेरच्या विजेवर टाकले. मुलाने परत उन्हावर आणले. पुढे टाकीचे तसेच, पंपाचे तसेच. एकाने फिरवायचे, दुसऱ्याने मागे आणायचे. त्यात मी गार पाण्याने आंघोळी केल्या. शेवटी मी म्हटले, काय ते एकदा ठरवा.

त्यांनी ठरवले. भावजींच्या कंट्रोल रूममध्ये नियम होता की यंत्राचे कोणतेही सेटिंग एकट्या माणसाने बदलायचे नाही. दोघांनी मान्य केले तरच बदल. तोच नियम मुलाने घराला लावला. स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक पडदा, म्हणजे स्क्रीन, बसवला, दोघांच्या बोटांचे ठसे घेतले. एकाने प्रस्ताव मांडायचा, दुसऱ्याने पटले तर बोट ठेवायचे. त्याशिवाय घर जसे आहे तसेच चालणार. दोघांना या नियमाचा फार अभिमान होता. थंडी संपली की नाही, टाकीची वेळ बदलायची की नाही, यावरही रीतसर वाद होऊन बोटे लागत.

एक गोष्ट दोघांच्याही लक्षात आली नाही. कंट्रोल रूममध्ये एक माणूस आला नाही तर दुसऱ्या पाळीचा माणूस खुर्चीवर येऊन बसतो. घरात दुसरी पाळी नसते.

मुलगा थंडीत गेला, म्हणून घर थंडीच्या सेटिंगवर राहिले आहे. तेव्हापासून इथे हिवाळाच आहे. भर उन्हाळ्यात पहाटे टाकी कढत होते. पडदे दुपार कलायच्या आत खाली येतात. ते हाताने वर केले तर पुन्हा खाली येतात. मी हात लावणे सोडून दिले आहे.

कंपनीचा माणूस येऊन गेला. भला माणूस होता, त्याने चप्पल बाहेर काढली. तो म्हणाला, यातले काही ठेवून काही बदलता येणार नाही. सगळे उपटून नवीन बसवावे लागेल. जुने पुसले जाईल.

भिंतीवरच्या पडद्यावर एक प्रस्ताव अजून आहे. तो मुलाचा शेवटचा. शब्द असे: 'प्रस्ताव: आईला तिसरे मत द्यावे. आमचे दोघांचे जुळले नाही तर तिचे मत शेवटचे. माझी संमती आहे. काकांची संमती बाकी.'

हा प्रस्ताव त्या शेवटच्या रविवारी आला. भावजी म्हणाले होते, वहिनी आई आहेत, त्या तुझ्याच बाजूने पडणार. मुलगा म्हणाला, काका, तिने आजवर कधी माझी बाजू घेतली ते एकदा दाखवा.  विचार करून सांगतो, असे म्हणून भावजी गेले. बुधवारी मुलगा गेला.

भावजींनी आजही बोट ठेवले तर प्रस्ताव मंजूर होईल आणि घर माझे ऐकेल. त्यांनी ठेवलेले नाही. मीही कधी ठेवा म्हटले नाही. ते मत मला मिळाले तर पहिले काम, त्याने लावून ठेवलेला हिवाळा मोडायचे, मलाच करावे लागेल, हे मला कळते.

कलम ४. गाडी. हिची बॅटरी घरालाही वीज देई, ही मुलाची करामत. कंपनीच्या दुरुस्तीखान्याने तिला हात लावायला नकार दिला. ही गाडी आता आमची राहिली नाही, असे तिथला माणूस म्हणाला. आता ती दारात नुसती उभी असते. मुलगा कामाला निघायचा त्या वेळी रोज तिची पुढची एक सीट गरम होते. मी कधीकधी दार उघडून हात लावून पाहते. गाडी भंगारवाल्याला द्यावी. दुपारनंतर द्यावी.

कलम ५. किरकोळ.

बँकेतील बचत सुनेला. माझ्या बांगड्या आणि गळ्यातले तिलाच. ते मोडून तिला आवडेल असे काही करून घ्यावे, माझी आवड जुनी आहे.

प्रयोगशाळेतून निवृत्त होताना मिळालेला रंगांच्या पट्ट्यांचा संच गल्लीच्या टोकाच्या शाळेला द्यावा. मुले फाडतील. फाडू द्यावा.

मुलाचा लॅपटॉप त्याच्या ऑफिसातल्या मित्राला दिला होता, काही उघडते का पाहायला. त्याने दोन महिने ठेवून, रडून परत केला. आता तो कोणाला देऊ नये.

शेजारच्या बंगल्याचे मालक, ज्यांनी आमच्या पॅनेलची चमक डोळ्यांवर येते म्हणून तक्रार केली होती, त्यांना मी क्षमा केलेली नाही. मुलगा गेल्यावर ते तक्रार मागे घ्यायला आले होते. तेव्हा घ्यायची गरज नव्हती.

कलम ६. सुनेविषयी आणि यंत्रणा काढण्याविषयी.

गेल्या वैशाखात एका दुपारी सून कामावरून लवकर आली. पडदे तिच्यासमोरच खाली आले. ती चपला न काढता खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "आई, मला या घरात उन्हाळा हवाय."

मी पाणी दिले. 

त्या रविवारी तिने भावजींना विचारले. एरवी ती त्यांच्यासमोर फारसे बोलत नाही.

"काका, एकदा बोट ठेवा ना."

"वाद संपलेला नाही," भावजी म्हणाले.

"कुणाशी चालू आहे?"

भावजींनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि ते गेले. पुढचे दोन रविवार आले नाहीत. मग मीच त्यांच्या खोलीवर गेले. मी काही विचारले नव्हते. खिडकीकडे तोंड करून ते आपणहून म्हणाले, "वहिनी, मला ते त्याच रविवारी पटलं होतं. लगेच हो म्हटलं असतं तर चढून बसला असता. म्हटलं, आठवडाभर झुलवू. आता बोट ठेवलं की ती ओळ जाणार. त्याने मला विचारलेलं दुसरं काही शिल्लक नाही."

मी म्हटले, रविवारी या. ते येऊ लागले.

सुनेला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेतून बोलावणे आले होते. तिने मला न सांगता नकार कळवला. पाकीट फोडल्याचा आवाज मी ऐकला होता, नकाराचा नाही. तिच्यासाठी मी हे लिहीत आहे. तिने माझ्या मरणाची वाट पाहत इथे थांबू नये. त्यांनी पुन्हा विचारले तर जावे. न विचारले तर तिने विचारावे. मी एकटी राहू शकते. गरम पाणी आहे.

माझ्यामागे यंत्रणा संपूर्ण काढून टाकावी. पॅनेल, बॅटरी, तारा, भिंतीवरचा पडदा, सगळे. कंपनीच्या माणसाला बोलवावे. भावजींची संमती त्यासाठी घेऊ नये आणि त्यांना बोट ठेवायचा आग्रह कोणी करू नये. जिन्याखालचा मुख्य खटका खाली ओढला की वीज जाते आणि पडदाही जातो. खटका सुनेने ओढावा. त्या दिवशी रविवार नसावा.

मुलाचे काम चांगले होते की नव्हते, मला सांगता येत नाही. मला त्यातले कळत नाही. ज्याला कळत होते तो गेला. ज्यांना त्यावर बोलता येते, ते बोलत नाहीत. काही जपून ठेवता येईल का, हे मी पुष्कळ जणांना विचारले. येत नाही.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी.

भावजींना मी काहीही ठेवलेले नाही. साक्षीदाराला काही ठेवता येत नाही असे वकीलबाईंनी सांगितले, आणि मला त्यांची सही हवी होती.

हा मजकूर मी त्यांना आज जेवणानंतर वाचायला दिला. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचला. म्हणाले, "कलम सहावर माझी हरकत आहे."

मी म्हटले, "मृत्युपत्रावर मतदान नसतं, भावजी."

ते उठून भिंतीवरच्या पडद्यासमोर जाऊन उभे राहिले.  हात पाठीमागे बांधलेले होते, ते त्यांनी सोडले नाहीत. मग परत येऊन बसले आणि पेन मागितले. तेवढ्यात खिडक्यांचे पडदे खाली आले, म्हणून सुनेने दिवा लावला. हे शेवटचे चार शब्द मी त्याच दिव्याखाली लिहीत आहे.

वरील सर्व मी लिहिले, वाचले, आणि दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही केली.

ठिकाण: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: १८ मे, रविवार

लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिले: कोपऱ्यावरचे औषधांचे दुकानदार. (सही) बाईंनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरे: लिहून देणार यांचे धाकटे दीर. (सही) वाचले. हरकत होती. मागे घेतली.