तुझ्या नावाची हाक

पुणे कॅम्प,
बुधवार, १३ फेब्रुवारी २००८

प्रिय उल्का,

(श्रद्धाच्या घरी आलेली पत्रं आधी जावईबापू उघडतात, असं तू मागे म्हणाली होतीस. तर जावईबापू, मुलगी झाली, मला आणि माझ्या नवऱ्याला, चांदला, फार आनंद झाला. आता हा कागद घडी घालून सासूबाईंच्या हातात द्या. पुढचं तुमच्या कामाचं नाही.)

सकाळी तुझ्या अभिनवने फोनवर सांगितलं, बाळ-बाळंतीण खुशाल आहेत. मी चांदला सांगितलं तर तो शिवत असलेला गणवेश तसाच मशीनवर टाकून पेढे आणायला गेला. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ‘आमच्या उल्काला नात झाली’ म्हणून पेढा देतोय. ती उल्का कोण, हे गिऱ्हाईक विचारत नाही. पेढा खातं आणि पँटची उंची सांगतं. मी मात्र तो गेल्यावर दार लावून लिहायला बसले. हातात मोबाइल असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. अगं, आपलं अर्धं आयुष्य टेलिफोन एक्सचेंजमध्ये लोकांचे ट्रंक कॉल जोडण्यात गेलं. फोनवर काय सांगता येतं आणि काय येत नाही, हे आपल्याशिवाय कोणाला कळणार? तू दुसऱ्याच वाक्याला ‘थांब थांब’ म्हणशील, रडायला लागशील, आणि मग मलाच तुझी समजूत काढावी लागेल. पत्रात तुला मधे बोलता येत नाही. गेले काही दिवस तुझा फोन आला की मी ‘दूध उतू जातंय’ म्हणून ठेवून देते, ते याचसाठी. आमच्याकडे एवढं दूध येतच नाही.

त्या तपासणीच्या दिवसाचं तुला ठाऊक आहे तेच आधी लिहिते, कारण तेव्हा मी तुला सगळं सांगितलं नव्हतं. अभिनवची हिंजवडीची कंपनी आईवडिलांची तपासणी फुकट करून देते, आणि तू दर वर्षी ती टाळतेस. एकदा श्रद्धाचं लग्न, एकदा वारज्याच्या फ्लॅटचं रंगकाम, आणि यंदा म्हणे, ‘सध्या बरं वाटत नाहीये, बरं वाटलं की जाईन.’ बरं वाटल्यावर डॉक्टरकडे जाणारी तू पहिलीच. शेवटी अभिनवने मला गळ घातली, ‘मावशी, तुम्हीच घेऊन जा तिला.’ तू का टाळतेस हे त्याला माहीत होतं आणि मलाही. तुझ्या थोरल्या शालनताईंनी अकोल्यात छातीतली ती गाठ पदराखाली वर्षभर वागवली, कोणाला सांगितली नाही, आणि सांगितली तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तू मला हे एकदाच सांगितलंस, जेवणाच्या सुट्टीत, डबा न उघडता.

म्हणून त्या दिवशी मी तुला जरा जास्तच हसवत होते. वजनकाट्यावर चढताना तू बांगड्या, घड्याळ आणि चष्मासुद्धा काढून ठेवलास. मग आकडा दिसेना म्हणून मला वाचायला सांगितलास, आणि मी वाचला तर माझ्यावरच रागावलीस. लघवीची बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून तू काउंटरवर अशी ठेवलीस, की त्या मुलाला वाटलं मिठाई आहे. रक्त झालं, छातीचा आलेख झाला, आणि राहिलं ते शेवटचं दार, मॅमोग्राफीचं. त्यातून एक बाई बाहेर आली आणि बरोबरच्या मुलीला म्हणाली, ‘पापडासारखं लाटतात गं.’ मी हसले आणि तुझ्याकडे पाहिलं. तू हसली नव्हतीस. ‘तोंड धुऊन येते,’ म्हणालीस आणि फाइल माझ्या मांडीवर ठेवून गेलीस. मी तुला जाताना पाहिलं, उल्का. तोंड धुवायला कोणी चपला इतक्या घाईने वाजवत जात नाही.

सिस्टरने दारातून हाक मारली, ‘उल्का वानखडे.’ मग पुन्हा मारली. तिसऱ्यांदा हाक आली तेव्हा मी उठले. का उठले, ते मलाही नीट सांगता येणार नाही. एक्सचेंजमध्ये तुला उशीर झाला की तुझ्या जागेवर बसून तुझ्या नावाला ‘हो’ म्हणायची सवय होतीच. शिवाय तपासणी अर्धी राहिली असती तर अभिनवने तुला फैलावर घेतलं असतं. आणि जे फुकट आहे ते वाया जाऊ द्यायचं नाही, एवढं तर पुण्यात जन्म काढून मी शिकलेच आहे.

पुढचं मी तुला त्या संध्याकाळी फोनवर रंगवून सांगितलं. ते रसवंतीसारखं यंत्र, ‘मावशी, खांदा सैल सोडा’ म्हणणारी ती पोरगी, आणि त्या अवस्थेत खांदा सैल सोडणं म्हणजे काय ते. तू ठसका लागेपर्यंत हसलीस. दोन गोष्टी मात्र मी गाळल्या. पहिली ही, की त्या मुलीने विचारलं, ‘घरात कोणाला झालं होतं का?’ आणि उल्का म्हणून आत गेलेल्या मला उत्तर द्यावं लागलं, ‘मोठ्या बहिणीला.’ दुसरी ही, की डाव्या बाजूचं चित्र तिने पुन्हा काढलं. मग तिसऱ्यांदा काढलं. तोवर ती एकसारखी बडबडत होती. त्यानंतर नुसतं ‘श्वास धरा’, ‘सोडा’ एवढंच.

तू श्रद्धाच्या बाळंतपणाला अमरावतीला गेलीस आणि मी ते मनातून काढून टाकलं. म्हणजे काढून टाकलं असं चांदला वाटावं इतपत. मग एका संध्याकाळी अभिनव दारात उभा राहिला. कंपनीच्या बसमधून उतरून तसाच आला होता, गळ्यात ओळखपत्र, खांद्याला ती लॅपटॉपची बॅग. पाणी दिलं तर पेला नुसता हातात धरून बसला. ‘मावशी, आईचा रिपोर्ट आलाय,’ म्हणाला. ‘डावीकडे गाठ दिसतेय. पुढची तपासणी ताबडतोब करा म्हणतात.’

मग तो बोलतच राहिला. शालनमावशीला नेलं तेव्हा तो लहान होता, पण त्याला सगळं आठवतं. श्रद्धाचं ब्लडप्रेशर वाढलेलं, दिवस भरत आलेले, अशात आईला हे सांगायचं कसं? लगेच बोलावून घ्यायचं की बाळंतपण होऊ द्यायचं? तुला खरं सांगते, ऐकताना पहिला क्षण मलाही तो रिपोर्ट तुझाच वाटला. उल्काला कसं सांगायचं, याचा मी त्याच्याबरोबर विचारही करायला लागले. अमरावतीला मीच जाईन, असं म्हणायला तोंड उघडलं. आणि मग आठवलं, त्या दारातून आत कोण गेलं होतं.

मी पदराचं टोक मुठीत धरलं आणि म्हणाले, ‘अभिनव, तो रिपोर्ट तुझ्या आईचा नाही. तुझी आई त्या दिवशी पळून गेली. आत मी गेले होते. ती गाठ माझी आहे.’

तो हसला, उल्का. एकच क्षण, पण चेहराभर हसला. लहानपणी जत्रेत हरवल्यावर तू पुन्हा सापडलीस तेव्हा हसला असेल तसा. ‘म्हणजे आईला काही नाही?’ असं त्याच्या तोंडून गेलं, आणि लगेच त्याला कळलं की तो कोणाकडे बघून हसतोय. खोटं कशाला सांगू, मला लागलं. अगदी आत लागलं. पण माझा अरफातही त्याच्या जागी असाच हसला असता, हे मला ठाऊक आहे. तो तोंड झाकून रडायला लागला. मी खिचडी टाकली, त्याला बसवून वाढली आणि समोर बसून मीही जेवले. काय करणार? भूक लागली होती.

दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली आणि मला हॉस्पिटलात घेऊन गेला. तिथला तमाशा तू पाहायला हवा होतास. काउंटरवरच्या मुलाला मी सांगतेय, ही मी नव्हे. तो म्हणतो, ‘मॅडम, सिस्टीममध्ये तुम्ही उल्काच आहात.’ अभिनव त्याला इंग्रजीत समजावतोय, मी मराठीत, आणि मागच्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, ‘अहो बाई, एकदा ठरवा कोण ते, आम्हालाही नंबर आहे.’ शेवटी डॉक्टरीणबाईंनी आत बोलावून झाप झाप झापलं. नाव बदलून जागेवर बसायला हे टेलिफोन ऑफिस आहे का, म्हणाल्या. आपण कुठे काम करत होतो हे त्यांना माहीत नव्हतं, पण बाणाचा नेम बरोबर लागला. सगळी तपासणी माझ्या नावाने पुन्हा झाली. पापड दुसऱ्यांदा लाटला गेला. मग सुई घालून तुकडा काढला आणि तपासायला पाठवला.

तो निकाल येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले, ते मी लिहिणार नाही. चांदला सांगितलं तेव्हा तो उठला. टेप गळ्यात तसाच, दुकानात जाऊन बसला. संध्याकाळी परत आला तो मऊ सुती कापडाचे तीन झगे शिवून, पुढून उघडणारे, नाड्यांचे. त्याने कोणाला तरी विचारलं होतं, की नंतर काही दिवस हात वर होत नाही, डोक्यातून कपडे घालता येत नाहीत. निकाल यायचा होता तेव्हाची ही गोष्ट. मी ओरडले त्याच्यावर. मग एक घालून पाहिला. मापात होता.

निकाल आला. कॅन्सर आहे. हा शब्द मी आज पहिल्यांदाच लिहिते आहे. लहान आहे, अगदी सुरुवातीचा आहे, हाताला लागलाही नसता, वर्षभराने कळला असता तर गोष्ट वेगळी होती, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला तर काहीच दुखत-खुपत नव्हतं. मी आपणहून त्या दाराकडे कधी फिरकले नसते, हे तुला माहीत आहे. येत्या मंगळवारी ऑपरेशन आहे. श्रद्धा मोकळी होईपर्यंत तुला कळू द्यायचं नाही असं मी आणि अभिनवने ठरवलं होतं. आज ती मोकळी झाली. तो बिचारा रोज बसमधून उतरून माझ्याकडे येतो, सगळी धावपळ करतो, पण माझ्या नजरेला नजर देत नाही. तू भेटलीस की त्याला काही विचारू नकोस, नुसता जवळ घे. आणि तुझी तपासणी तिथे अमरावतीत कर किंवा इथे, पण कर. शालनताईंसारखा तुझ्याही बाबतीत उशीर होऊ द्यायची माझी तयारी नाही.

आता खरं लिहिते, आणि मग पाकीट बंद करून कुरियरला देते. एवढी पानं मी तुला नुसतं कळवायला लिहिली नाहीत. बाळाला आंघोळ घालायला श्रद्धाच्या सासूबाई आहेत, त्यांचा हात तुझ्यापेक्षा हलका आहे असं तूच म्हणतेस. बारशाला तू परत जा, मी अडवणार नाही. मंगळवारी सकाळी मला आत नेतील तेव्हा बाहेर चांद असेल, अरफात बंगलोरहून येतोय, अभिनवने तर त्या दिवसाची रजा आत्ताच टाकलीय. पण हे तिघेही माझ्या तोंडाकडे बघून धीर धरतात, उल्का. म्हणून मी दिवसभर हसते, त्यांना जेवायला वाढते, विनोद करते. पार थकून गेले आहे. मला फार भीती वाटते आहे, आणि हे ज्याच्यासमोर मोठ्याने म्हणता येईल असं घरात कोणी नाही. सोमवारपर्यंत ये.

तुझी वाट पाहणारी, तुझीच
बिलकिस