सगळीकडे क्लोराइड

३ मार्च, नांदेड
बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष. उद्यापासून पहाटे पाचला उठणार. मग एम.एस्सी., मग स्पेक्ट्रोस्कोपी. ज्योतीतल्या रेषा बघून आयन ओळखणार आपण. टेस्टट्यूब घासणं तात्पुरतं. बाबा फोनवर म्हणाले, प्रॅक्टिकलला गचकलास तर मुरुडला ये, पत्र्याच्या दुकानात बस. हसू आलं.

७ मार्च
उठलो नऊला. लॅबमध्ये डिस्टिल्ड वॉटरला ही मोठी रांग. नळाला बोअरचं पाणी धो धो. तेच घेतलं. पाणी ते पाणी. ओळखायला दिलेलं सॉल्ट त्यात विरघळवलं, सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले, पांढराफेक साका बसला. म्हणजे क्लोराइड! रूम पार्टनर मल्लेशला त्याच सॉल्टमध्ये नायट्रेट सापडलं. बिचारा. शिकेल हळूहळू.

१२ मार्च
आजही क्लोराइड. परवाही तेच. कॉलेज एकच स्वस्त माल आणतं, दुसरं काय. विशाखा मॅडमनी माझ्या उत्तरावर काट मारली, मल्लेशला शाबासकी. वशिला!

१८ मार्च
मल्लेश म्हणे, "नरसिंग, नळाचं पाणी नगो घेऊ. लई खारं हाय." मला शिकवतो! काल खिचडी कुणी केली? मी. करपली, तो भाग वेगळा.

२४ मार्च, प्रॅक्टिकल
दारातच मल्लेशनं डिस्टिल्ड वॉटरची बाटली हातात कोंबली. म्हणे, "तुझ्यासाठी बी रांगेत थांबून आणलो." लगेच ओळखलं. कधी चहा न पाजणारा माणूस आज पाणी का पुरवतो? नक्की काहीतरी मिसळलंय. बेसिनमध्ये ओतलं, नळाचं भरलं. क्लोराइड! छातीठोक लिहिलं.
बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सॉल्ट न घालता नुसत्या माझ्या पाण्याची टेस्ट करायला लावली. पांढरंफेक. विचारलं, आता यात कोणतं सॉल्ट आहे? म्हटलं, सर, माझा घात झालाय.

१० मे
नापास. मल्लेश पास. सख्ख्या मित्रानं दगा दिला. बाटली देताना यात काही मिसळलेलं नाही, एवढं सांगायला काय झालं होतं? रडू आलं. एवढा विश्वास मी कुणावर टाकला नव्हता.

२ जून, मुरुड
दुकानात बसलो. गिऱ्हाईक नाही. दुपारी मल्लेशचा फोन. उचलला नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. पुन्हा वाजला. बाबांनी विचारलं, कोण आहे रे? म्हटलं, कुणी नाही, एक मित्र होता.
आणखी एकदा केला तर उचलायचा, असं ठरवून फोन समोर गल्ल्यावर ठेवला. शटर ओढेपर्यंत वाजला नाही.