टोप्या नाहीत, भाव मात्र आहे

एकोडी, तालुका साकोली
मंगळवार, भारी धान पिकत आलं ते दिवस

वयानं लहान पण नात्यानं मोठे, श्रीयुत भोजराजभाऊ, मुक्काम चिखला, यांस एकोडीहून तुमच्या भाटव्याचा, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याचा, केवळरामचा, दोन्ही हात जोडून रामराम. इकडे मी, दोन बैल आणि एक मांजर असे आम्ही चौघेही आपल्या आशीर्वादाने सुखरूप आहोत. तिकडे कुंतावहिनींचे गुडघे, आपली खाणीतली पाळी व आपला जुना खोकला यांचे वर्तमान सविस्तर कळवावे. (शुद्ध भाषा घरात एवढीच होती, ती संपली. आता घरच्या भाषेत लिहितो. एरवी मी तुम्हाले "अबे भोज्या" म्हणतो हे खरं आहे, पण पत्रात माणसाचा मान ठेवाव लागते.)

तुमची बहीण, म्हणजे आमच्या बेबीबाई, तिकडं येऊन आज बारा दिवस झाले. मजेतच असतील. त्यांच्याबद्दल मी काही विचारून नाही राहिलो, गैरसमज नको. हे पत्र बंदुकीच्या टोप्यांबद्दल आहे. फोनच केला असता, पण तुमच्या घरचा फोन वाजला का तीच उचलते अन् माहा आवाज ऐकला का ठेवते. बारा दिवसांत सव्वीस वेळा ठेवला.

तं आमची बंदूक तुम्हाले माहीतच आहे. बाबाच्या काळची, ठासणीची, पीक राखाच्या परवान्याची. नळीत दारू ठासाची अन् घोड्याखाली तांब्याची चिमुकली टोपी बसवाची. टोपी नसली तं ती बंदूक म्हणजे लोखंडाचं मुसळ, अन् मुसळानं निदान पोहे तरी कांडता येते. मी आजवर जनावर मारलं नाही, आभाळात बार काढतो, अन् डुकरं पळतात. चाळीस वर्षं गाव मले "बंदूकवाले" म्हणते. ग्रामसभेत पहिली खुर्ची मले. हे सगळं त्या मसुराएवढ्या टोपीवर उभं होतं हे मले टोप्या संपल्यावर समजलं.

टोप्यांसाठी मी नागपूरच्या परवानाधारक दुकानात तीन खेपा केल्या. पहिल्या वेळेस दुकानदार म्हणे, टोप्या नाहीत. भाव विचारला तं मात्र त्यानं लगेच सांगतला. मी म्हटलं भाऊ, एवढ्या पैशात पूर्वी मी टोप्या, दारू, छर्रे घेऊन, दोन प्लेट आलुबोंडे खाऊन येष्टीनं परत येत होतो. दोन महिन्यांनं गेलो तं टोप्या नाहीतच, पण भाव दीडपट. तिसऱ्या वेळेस टोप्या नाहीत, भाव दुप्पट. मी विचारलं का बापा, जे दुकानात नाहीच ते महाग कसं होऊन राहिलं? तं तो मोठ्या शांतीनं म्हणे का काका, माल नाही म्हणूनच तं महाग आहे, असता तं स्वस्तच देला असता. मी साकोलीपर्यंत गाडीत त्याचाच विचार केला, पण मले त्याच्यात चूक सापडली नाही. (त्याचं म्हणणं असं का ठासणीच्या बंदुका कोणी ठेवत नाही म्हणून कारखानेवाले टोप्या करत नाहीत. अन् टोप्या नाहीत म्हणून कोणी बंदुका ठेवत नाही. दारूचंही तसंच, छर्‍याचंही तसंच. फक्त डुकरांचं तसं नाही, ते दरसाल वाढूनच राहिले.)

लॉकडाऊन उठला तवा माह्या डबीत सात टोप्या होत्या. त्यातल्या दोन परवान्याच्या कामात गेल्या. साहेब म्हणे, बंदूक चालते का ते दाखवा. मी दाखवली. साहेब म्हणे, फोटो हालला, पुन्हा दाखवा. एक पावसात भिजली. एक खरोखर डुकरासाठी वापरली, तेवढीच सत्कारणी लागली. एक रोवण्याच्या दिवसांत हातातून धानाच्या बांधीतल्या चिखलात पडली, मी शोधून राहिलो तोवर रोवणाऱ्या बायांनी तिच्यावर धान रोवून टाकलं. अन् एक तुमच्या बहिणीनं फुटक्या गंजा-पातेल्यासोबत भंगारवाल्याले देली. (मी काही बोललो नाही. म्हणजे बोललो, पण दोनच दिवस.) राहिली एक. अन् दारू होती ती सादळू नये म्हणून मी देवघरात ठेवली, तं तुमची बहीण म्हणे, देवापुढं दिवा लागते, तुमची अक्कल कुठं गहाण पडली? दारू बाहेरच्या कोठीत गेली अन् मी सपरीत, ओसरीवर. कोठीत दारू सादळलीच. सपरीत मीही सादळलो, पण ते कोण पाहाते.

आता खरी गोष्ट. आमच्या गावात योगेंद्र म्हणून मंडप-डीजेवाला आहे. लग्नसराई सरली का त्याचे स्पीकरचे बाक्से रिकामे अन् त्याचं डोकंही रिकामं. तो म्हणे, काका, टोपी एकच आहे नं? मंग एकच बार काढा, मी मोबाईलमंधी भरून घेतो अन् रोज तुमच्या धुऱ्यावर, शेताच्या कडेले, बाक्स्यातून वाजवतो. एका टोपीत शंभर बार. मले हे भलतंच पटलं. रविवारी सायंकाळी तलावाच्या पाळीवर निम्मं गाव जमलं. मी कोट घातला, पोरीच्या लग्नात घातला होता तो. योगेंद्रनं मोबाईल धरला, सगळ्याइले चूप केलं, अन् मी घोडा दाबला.

टिक.

बस, एवढंच. टोपी वाजली, दारूनं काही तिचं ऐकलं नाही. आता अशी अडलेली बंदूक कवा उडल नेम नसते, म्हणून मी नळी आभाळाकडं धरून तसाच उभा राहिलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. गावही उभं. तेवढ्यात तुमची बहीण मले जेवाले बोलवाले आली. तिनं माह्याकडं पाहिलं, कोटाकडं पाहिलं, अन् भोजराजभाऊ, जो तोंडाचा पट्टा सुटला! "तीस वर्षं झाले, ह्या नळीले रोज तेल चोळून राहिले हे! माह्या डोक्याले कधी बोटभर लावलं का? टोपीसाठी तीनदा नागपूर पाहिलं, मले तुमसरचा बाजार तरी दाखवला का?" तिथून ती छपराच्या गळक्या कवेलूवर गेली, तिथून मेलेल्या म्हशीवर, तिथून माह्या आईवर, अन् पुन्हा नळीवर आली. अकरा मिनिटं. मी तसाच उभा, हातात बंदूक, नळी आभाळाकडं. लोकं हासून हासून पाळीवर लोळले. अन् योगेंद्र, लेकाचा, मोबाईल बंद कराचं विसरला.

त्यानं रातच्याले तेच माह्या धुऱ्यावर लावलं. तो शपथ घेऊन सांगते का मले वाटलं शेवटी कुठंतरी बार असंल. सकाळी मी गेलो तं बांधीत एक खुराचा ठसा नाही, एक लोंबी मोडलेली नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. जंगलाचा एक गार्ड आला होता, तो म्हणे का बाराचा आवाज रोज एकसारखा असते, डुक्कर दोन दिवसांत समजून जाते. पण बाईचं बोलणं कधी वर जाते, कधी खाली येते, मधात थांबते, संपलं असं वाटते अन् नव्यानं सुरू होते, जनावराले अंदाजच येत नाही. (मलेही तीस वर्षांत आला नाही, पण हे मी त्याले सांगतलं नाही.) मंग काय, बाजूच्या धुरेवाल्यानं मागतलं, त्याच्या साडभावानं मागतलं, चार गावांत अकरा जागी बाक्से लागले.

तिले पाच दिवस काही पत्ता नव्हता. शेत आमचं गावापासून दूर, अन् गावात तिच्या तोंडावर सांगाची कोणाची हिंमत नव्हती, माही तं नव्हतीच. ती साकोलीच्या बाजारात वांगे घ्याले गेली. भाव करून राहिली होती, तं भाजीवाली चंद्रभागाबाई तिचा आवाज ऐकून उठून उभी झाली अन् म्हणे, "अवो माय, तुम्हीच का त्या डुक्कर हाकलणाऱ्या बाई? घ्या, वांगे फुकट घ्या! आमचं धान वाचवलं तुम्ही!" अन् बाजूच्या चार बायाइले बोलवून दाखवलं.

ती घरी आली. मी वाट पाहून राहिलो का आता बोलंल, आता बोलंल. एक शब्द बोलली नाही. वांगे ओट्यावर ठेवले, पिशवी भरली अन् तुमसरची गाडी धरली. भोजराजभाऊ, भांडली असती तं मले चाललं असतं, त्याची मले सवय आहे. ती गुमान गेली, अन् त्या वांग्याइले मी अजून हात लावला नाही, ओट्यावरच सुकून राहिले. मी मजा म्हणून नव्हतं केलं. धान वाचून राहिलं होतं म्हणून मी चूप राहिलो, हे माह्यं चुकलं.

आता इकडची हालत ऐका. दिवसा मी भात करतो, तो खालून जळते अन् वरून कच्चा राहाते. अंधार पडला का शेतात झोपाले जातो, तं चारही दिशांनं माही बायको मले बोलाले लागते. पूर्वेकडून कवेलू, पश्चिमेकडून म्हैस. योगेंद्रच्या बाक्स्यात ती आठ वाजता माह्या आईवर येते, अन् तलावापलीकडच्या बाक्स्यात साडेआठले. मले झोप नाही. परवा कुंतावहिनींनी फोन करून तिचा निरोप सांगतला, का ते बाक्से बंद झाल्याशिवाय ती एकोडीत पाय ठेवणार नाही. मी सगळ्याइच्या दारोदार गेलो. ते म्हणतात, केवळरामभाऊ, तुमची बंदूक चालू करा, आम्ही आता बंद करतो, नाही तं कापणीपर्यंत विषय काढू नका. म्हणजे पाहा, बाक्से बंद कराचे तं बार पाहिजे, बारासाठी टोपी पाहिजे, अन् टोपीचा फक्त भाव आहे.

म्हणून विनंती एवढीच का तुम्ही मध्य प्रदेशच्या हद्दीजवळ राहाता, तं बालाघाटकडच्या एखाद्या परवान्याच्या दुकानात टोप्या (अन् थोडी कोरडी दारू) मिळतात का तेवढं विचारून पाहा. असल्या तं मी परवाना घेऊन स्वतः येतो. (तुमच्या खाणीत बारूद असते हे मले माहीत आहे. त्याचं मी नावही काढत नाही, अन् तुम्हीही काढू नका. भाटवा-साळा दोघंही आत गेले तं तुमच्या बहिणीले बोलाले कोणीच राहाणार नाही.) लहानांले आशीर्वाद, वहिनींले नमस्कार, बाकी घरात आणखी कोणी असेल तं त्यांलेही नमस्कार.

आपला,
केवळराम

ता. क. वरचं पत्र मंगळवारी लिहिलं, पोस्टात टाकाचं राहिलं, आज रविवार आहे. टोप्यांची चौकशी करू नका. बंदूक मी शुक्रवारी ठाण्यात नेऊन जमा केली अन् परवाना नको म्हणून लिहून देलं. साहेब म्हणे, काका, चाळीस वर्षांची बंदूक, विचार करा. मी म्हटलं, बायको तीस वर्षांची आहे, विचार केला. तं वरचं सगळं रद्द समजा. पण चार पानं लिहिली आहेत, फेकाले जीव होत नाही, म्हणून पाठवून राहिलो.

आणखी ता. क. बाक्सेही बंद झाले. मी त्या अकराही जणांले सांगतलं का कापणीपर्यंत तुमच्या सगळ्याइच्या धुऱ्यावर मी फिरतो अन् डब्बा वाजवतो, पण माह्या बायकोले बंद करा. गुरुवारपासून फिरून राहिलो. हाताले फोड आले आहेत, ओरडून गळा बसला आहे, पण आतालोक एक डुक्कर आलं नाही. आता गाव मले "डब्बेवाले" म्हणते, म्हणू द्या. हे तिले माह्या तोंडानं सांगू नका. कोणी सांगत होतं असं म्हणा. ती विचारंल, हाताले काही लावलं का? तं नाही लावलं म्हणा.

शेवटचा ता. क. मले पत्र लिहिता येत नाही, हे पाचव्या पानावर समजून राहिलं. पुढच्या रविवारी योगेंद्र माह्या जागी डब्बा वाजवणार आहे, तेवढं तं तो माह्यं देणं लागते. मी सकाळच्या गाडीनं तुमसर अन् तिथून चिखल्याले येतो. दार तुम्ही उघडू नका, वहिनींनीही उघडू नये, तिलेच उघडू द्या. ती जे बोलंल ते बोलू द्या, अकरा मिनिटं बोलली तं अकरा, तास बोलली तं तास, मी अंगणात उभा राहीन. मोबाईल घरी ठेवून येतो.