डिकीतली निळी बाटली

४ फेब्रुवारी

बाटली आली! भाचीने ती तान्हं बाळ आणावं तशी छातीशी धरून आणली. पोरगी शर्यतीच्या गाड्यांच्या गॅरेजात मेकॅनिक आहे. आपल्या जुन्या गाडीला नायट्रस, म्हणजे वेग वाढवणारा वायू, बसवायचं खूळ तिचं — म्हणजे माझंच, पण घरात तिचं नाव पुढे केलं.

बायकोने एकदा बाटलीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. म्हणाली, पन्नाशीला लोक गुडघ्यांना तेल चोळतात. आणि ही बसवलीत तर त्या गाडीत मी पाय ठेवणार नाही.

तिच्याशिवाय गाडी न्यायची कुठे?

९ फेब्रुवारी

भाची घाई करू देत नाही. आधी इंजिन तपासलं. चारही सिलिंडरांचा दाब सारखा — जीव भांड्यात पडला. पेट्रोलचा पंप मोठा, प्लग थंड जातीचे, वायू सोडणारं जेट सगळ्यात लहान भोकाचं. म्हणाली, "मामा, चमच्याने भरवायचं. मुठीने नाही."

हा वायू स्वतः जळत नाही, इंजिनाला जास्तीचा श्वास देतो. जोडीला पेट्रोल कमी पडलं तर पिस्टन वितळतो. पूजेला बसलो तरी डोक्यात हेच. आम्हाला श्वास मोजून दिलेस, गाडीला वाढवून! देवा, हसू नकोस.

१५ फेब्रुवारी

पंपघरातली पाळी संपवून थेट गॅरेज. पाय तळापर्यंत दाबलेला आणि इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा तीन हजारांच्या वर, तरच बटण चालणार. बाटलीतून दाब आला नाही तर सगळं आपोआप बंद. बाटली डिकीत पट्ट्यांनी आवळली, जादा दाब सोडणारी नळी गाडीबाहेर काढली. रस्त्यावर बाटलीचा व्हॉल्व्ह बंद; धावपट्टीवरच उघडायचा. हे भाचीने मला बोट रोखून दोनदा सांगितलं. मला! गावाला पाणी सोडण्यात, व्हॉल्व्ह फिरवण्यात जन्म गेला माझा.

२० फेब्रुवारी

बायको येतेय! "नुसती पाणी द्यायला."

२१ फेब्रुवारी

विमानांची जुनी धावपट्टी, शर्यतीपुरती बंद केलेली. व्हॉल्व्ह उघडला. मग गाडीसमोर डोळे मिटून हात जोडले, जरा जास्तच वेळ. डोळे उघडतो तर पाण्याची पिशवी डिकीत आणि ही शेजारच्या सीटवर! हेल्मेट, पट्टा, सगळं.

"बघताय काय? चला."

देवाचं नाव घेतलं, बटण दाबलं. अहाहा! पाठीत कुणीतरी प्रेमाने लाथ घातली. ती ओरडली, मी ओरडलो, नाव कुठल्या कुठे राहिलं. घरी येईपर्यंत दोघं खुदुखुदु हसत होतो.

२२ फेब्रुवारी

भाचीने बाटली काट्यावर ठेवली. किती वायू उडाला ते वजनावरूनच कळतं. वजन होतं तेवढंच!

व्हॉल्व्ह बंद होता. नळीत राहिलेला एक फुत्कार तेवढा निघाला. बाकीचा वेग जुन्या इंजिनाचा आणि आमच्या ओरडण्याचा.

देवाशपथ, मी उघडला होता म्हटलं. बायको शांतपणे म्हणाली, "पिशवी ठेवताना उघडा दिसला, मी बंद केला. गॅस उघडा टाकून मी कधी निघालेय का?"

भाची हसत हसत जमिनीवरच बसली.

२८ फेब्रुवारी

पुन्हा धावपट्टी. व्हॉल्व्ह आज बायकोने स्वतः उघडला. मग माझ्यापुढे हात केला — "किल्ली द्या."

पाणी घेऊन कडेला मी उभा होतो.