सासूबाईंचा दात

११ फेब्रुवारी, मंगळवार

सरकारला आता दात हवेत!

सकाळच्या टपालाने परिपत्रक आलं. बांगड्या घेऊन झाल्या, अंगठ्या घेऊन झाल्या. बदल्यात 'विश्वासपत्रं' मिळाली. कागद इतका गुळगुळीत की त्यात पावसुद्धा गुंडाळता येत नाही. आता 'शरीरात कायमस्वरूपी बसवलेलं सोनं'. म्हणजे दात. दर महिनाअखेरीस माझ्यासारख्या प्रत्येक दंतवैद्याने पत्रक भरायचं — कुणाच्या तोंडात सोनं दिसलं, किती दात, नाव, पत्ता. दिसूनही लपवलं तर परवाना रद्द.

रेडिओवर अर्थमंत्री म्हणाले, अर्थव्यवस्था ठणठणीत आहे. म्हणूनच का दातांपर्यंत आलात! दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. इथे तर दुसऱ्याचे दात कोरून खजिना भरायचाय.

संध्याकाळी घरी वाचून दाखवलं. 'हळू वाच,' नवरा म्हणाला. खिडक्या बंद होत्या! सासूबाई मात्र खो खो हसल्या. आणि त्या हसल्या की दिसतोच — वर, डावीकडे, सोन्याचा सुळा. आम्ही दोघं नुसते त्या दाताकडे बघत बसलो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

त्या दाताची गोष्ट मी इतक्या वेळा ऐकलीय की झोपेतही सांगेन. सासूबाई टेलिफोन ऑफिसात होत्या. बढती मिळाली तेव्हा पगाराचं पाकीट पहिल्यांदा घरी न देता सरळ दंतवैद्याकडे गेल्या. किडका सुळा होता, त्यावर टोपी बसवायची होती. 'कशाची?' त्याने विचारलं. 'सोन्याची!' घरात हलकल्लोळ. सासरे महिनाभर बोलले नाहीत. 'महिनाभर शांतता मिळाली, तो नफा वेगळाच,' असं त्या अजून सांगतात.

आज मी म्हटलं, 'आई, वरून पांढरं लावून देते. दहा मिनिटांचं काम. कुणाला कळणार नाही.'

'नको.'

'अहो, बांगड्या तर रांगेत उभं राहून देऊन आलात!'

'बांगड्या कपाटात होत्या, डॉक्टरीणबाई. हा माझ्या तोंडात आहे. तोंडात काय असावं ते मी ठरवणार. खायचं काय ते ठरवू दे सरकारला — नाहीतरी रेशनच आहे.'

झालं. त्यांच्यापुढे कुणाचं चाललंय!

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दवाखाना भरलेला आणि तोंडं बंद. गालाला रुमाल, मफलर, पदर. एक छापखानेवाले आले, गाल सुजून पपईएवढा. म्हणाले, 'दाढ काढा. पण तोंड पूर्ण उघडायला सांगू नका.' मी म्हटलं, 'मग कानातून काढू का?' बिचारे रडवेले झाले. पुढचे दोन दात सोन्याचे, लग्नात सासऱ्यांनी बसवून दिलेले. दाढ काढली. आणि त्या दोन दातांवर पांढरं लावून दिलं.

मग काय, वास लागल्यासारखे येताहेत सगळे. गाण्याच्या बाई आल्या. त्या शाळेत गाणं शिकवतात, आणि गेला आठवडाभर मिटल्या तोंडाने शिकवताहेत! मुलांना वाटतंय, ही नवीन पद्धत आहे. त्यांचाही दात झाकला. पैसे कुणाकडे आहेत? कुणी अंडी आणतं, कुणी साबण. काल एकाने बल्ब दिला.

मी शूरवीर काही नाही. मला फक्त एवढंच आवडत नाही — पेशंटच्या तोंडात एका वेळी मी सोडून आणखी कुणी डोकावलेलं.

जाता जाता गाण्याच्या बाई म्हणाल्या, 'आणि तुमचा तो फुटका सुळा, डॉक्टर?' फुटून दोन वर्षं झाली. वेळच होत नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिलं पत्रक भरलं. आढळलेलं सोनं — निरंक. सही, शिक्का. काय सुंदर शब्द आहे हा सरकारी! एकही आकडा नाही आणि तरी किती भरल्यासारखं वाटतं.

४ मार्च, मंगळवार

तपासनीस आले. सौम्य गृहस्थ. आत येण्याआधी चपला काढतात, 'मॅडम, त्रास देतोय' म्हणतात, आणि मग टॉर्च लावून बाकावरच्या एकेकाचं तोंड बघतात. मावशींनी — आमच्या दवाखान्याच्या मावशींनी — त्यांचं नाव लगेच ठेवलं, टॉर्चवाले. 'मला काय, मॅडम, वरून आलंय,' म्हणाले. सगळं वरूनच येतं. पाऊसदेखील.

प्रशिक्षणात त्यांना सोनं कसं ओळखायचं ते चित्र काढून शिकवलंय. चित्र काळ्या-पांढऱ्यात आहे! त्यामुळे पिवळं दिसलं की सोनं. आमच्या पोस्टमनला आज नोटीस दिली. पोस्टमन जन्मभर तंबाखू खातो. त्याचा दात पिवळा आहे हे खरंय, पण तो सोन्याचा असता तर तो माझ्याकडे उधारीवर आला असता का?

मी दाखला लिहून दिला — हा दात हाडामांसाचा आहे. टॉर्चवाले हळहळले. 'नोटीस निघाली ना, मॅडम. आता चाचणी करूनच रद्द होते.'

'मग करा चाचणी.'

'त्यासाठी दात जमा करावा लागतो.'

११ मार्च, मंगळवार

पोस्टमनने दात जमा केला. मी नाही म्हटलं म्हणून सरकारी दवाखान्यात जाऊन काढून घेतला. पावती दाखवायला आला होता — 'सोने: शून्य. नमुना परत मिळणार नाही.' हसत होता. तिथे खिंडार पडलंय आता. मला मात्र हसू आलं नाही. सबंध दिवस चिडचिड झाली, मावशींवर उगाच खेकसले.

१४ मार्च, शुक्रवार

नवरा विश्वासपत्रांच्या कचेरीत आहे. तिथे प्रत्येकाकडून कुटुंबातल्या सोन्याचं प्रतिज्ञापत्र मागितलंय. महिन्याअखेर बढत्या आहेत — आणि नोकरकपातही. चार दिवस तो जेवत नाहीये. आज स्वयंपाकघराचं दार लोटून म्हणाला,

'आईचा तो दात नाहीतरी आतून किडलाय, तूच म्हणालीस. दुखतोय ना? मग तपासायला म्हणून ने. भूल दे. आणि काढ. तिला कळेपर्यंत झालेलं असेल.'

मी भांडं घासत होते. घासतच राहिले.

'तिच्या भल्यासाठीच सांगतोय,' तो म्हणाला.

सरकारही हेच म्हणतं. रेडिओवर रोज. माझ्या घरात बसून, माझा नवरा मला तेच ऐकवतोय! मी म्हटलं, 'माझ्या खुर्चीत बसलेल्या माणसाला न विचारता मी कापूसही ठेवत नाही.' तो उठून गेला. मग मला त्याची कीवही आली. घाबरलेला माणूस. पण किळस आधी आली, हे खरं.

१६ मार्च, रविवार

त्याने लिहून दिलं.

जेवताना सांगितलं. ताटाकडे बघत. 'आईचा एक दात. मी लिहिलं नसतं आणि कुणी सांगितलं असतं तर…'

सासूबाईंनी घास संपवला. पाणी प्यायल्या. म्हणाल्या, 'तुझे दुधाचे दात मी जपून ठेवलेत. तेही लिही. उगाच काही राहून जायला नको.'

आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला चावायचं?

१७ मार्च, सोमवार

नवरा बाहेरच्या खोलीत झोपतो. बढतीची यादी अजून लागलेली नाही.

२० मार्च, गुरुवार

समन्स आलं. सोमवारी सकाळी सासूबाईंनी तोंडासह हजर राहायचं. 'तोंडासह'! घरी ठेवून येणार होत्या जणू.

आज मी शेवटचं विनवलं. 'आई, पांढरं लावते. चूक झाली होती म्हणून सांगू.' त्यांनी मला हाताला धरून शेजारी बसवलं. मग म्हणाल्या, 'तू लोकांचे दात झाकतेस ते चांगलंच करतेस. घाबरलेल्याला पांघरूण द्यावंच. पण अगं, सगळ्यांनीच झाकलं तर उद्या हे म्हणतील, बघा — कुणाकडे काही नव्हतंच, आम्ही कुणाचं काही घेतलंच नाही.'

 

२३ मार्च, रविवार

दुपारी त्या म्हणाल्या, 'दवाखान्याची किल्ली घे.'

बंद दवाखान्यात दोघीच. खुर्चीत बसल्या, पदर नीट केला. 'दुखतोय फार. आठ दिवस झोप नाही. काढ. पण नीट ऐक — मी सांगते म्हणून काढ. कुणी मागितला म्हणून नव्हे.'

भूल दिली. आतून पार पोखरला होता, अलगद हातात आला. सोनं मात्र तसंच, लखलखीत. धुऊन त्यांच्या तळहातावर ठेवला. बराच वेळ बघत राहिल्या. तोंडात बोळा होता म्हणून बोलता येत नव्हतं, आणि त्यांना गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. मला रडू आलं. त्यांनी मला कोपराने ढोसलं.

दात ठेवला कुठे? नमुन्याच्या दातांचा डबा आहे ना आमचा, शंभर-दीडशे दात असतील. त्यात, अगदी तळाशी. दात लपवायला दंतवैद्याच्या दवाखान्याहून बरी जागा कुठली!

२४ मार्च, सोमवार

कचेरीत मी सोबत गेले. टेबलामागे तिघं. टॉर्चवाले शेजारी उभे. सासूबाईंनी आ केला. डावीकडे वर — खिंडार.

'दात कुठाय?'

'गिळला.'

'गिळला?'

'तुमचा रेशनचा पाव चावत होते. विटेसारखा! पाव तसाच राहिला, दात निघाला. घशाखाली गेला तेव्हा कळलं.'

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. पाव कडक नाही असं म्हणायची कुणाची हिंमत होईना — दुपारी तोच पाव त्यांच्याही डब्यात असणार! बराच वेळ कुजबुज झाली. मग मधल्याने घसा खाकरून निर्णय सांगितला. सोनं राष्ट्राचं आहे. ते सध्या आजींच्या पोटात आहे. ते तिथून… प्राप्त होईपर्यंत सरकार वाट बघेल.

२६ मार्च, बुधवार

सरकार आमच्या संडासाबाहेर बसलंय. खरंच! एक महिला शिपाई, स्टुलावर, हातात हातमोजे. तरुण पोरगी आहे, शरमेने अर्धी झालीय. 'आजी, अशी ड्यूटी कधी लागली नव्हती हो,' म्हणाली. सासूबाई तिला चहा देतात, आणि आत जाताना दर वेळी मोठ्याने सांगतात, 'जाऊन येते हं, सरकार!'

शेजारीपाजारी जिन्यात जमून ऐकतात. इतकं हसणं या इमारतीत वर्षभर ऐकलं नव्हतं. नवरा मात्र कानात कापूस घालून बसला होता. स्वतःच्या आईच्या संडासावर पहारा — आणि तो आणला कुणी! आज पहिल्यांदा तिच्याजवळ गेला. 'आई,' म्हणाला फक्त. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मी असते तर इतक्या लवकर ठेवला नसता.

२९ मार्च, शनिवार

पहारा उठला. अहवाल — 'निष्पन्न काही नाही.' दंड म्हणून सासूबाईंचं रेशन दोन महिने बंद. माझ्यातलं खातील. दात आहेत तर चणे नाहीत असं ऐकलं होतं. यांनी तर दोन्ही नेलं!

जाताना शिपाई पोरगी त्यांच्या पाया पडली.

संध्याकाळी मी तो डबा घरी आणला. सासूबाईंनी शंभर दातांतून आपला बरोबर उचलला आणि माझ्यापुढे धरला. 'तुझा तो फुटका सुळा बघवत नाही मला.'

'आई, मी? माझा परवाना—'

'मी कुठे काय म्हणाले? ठेवून घे. बसवायचा की डब्यात टाकायचा, तुझं तोंड, तू ठरव.'

३० मार्च, रविवार

दिवसभर दवाखान्यात. साचा केला, सोनं वितळवलं, ओतलं, घासलं. आरशात बघून स्वतःच्या दातावर टोपी बसवणं म्हणजे उलट्या हाताने वेणी घालणं! दोनदा चुकलं. पांढरं लावायची बाटली समोरच होती. तिचं झाकण उघडलं. परत लावलं.

भीती वाटतेय. खूप. लिहून ठेवते, उद्या नाकारायला नको.

३१ मार्च, सोमवार

टॉर्चवाले आले, महिन्याचं पत्रक मागितलं. या खेपेला निरंक नाही. आढळलेलं सोनं — एक. नावाच्या जागी माझं नाव.

त्यांनी दोनदा वाचलं. टॉर्च काढला. त्याची गरज नव्हती, मी हसतच होते. 'मॅडम,' अगदी हळू म्हणाले, 'तुम्हाला झाकता आलं असतं ना.'

मी काही बोलायच्या आत बाकावरून आवाज आला. गाण्याच्या बाई उठून उभ्या राहिल्या होत्या. 'डॉक्टर, माझ्या दाताला लावलेलं ते पांढरं आज काढून टाकता का?'