विक्कीच्या पोटरीतली नस

चामोर्शी, ऑगस्ट २००३

धाकटा भाऊ लटारू यास थोरल्या बहिणीचा जयभीम. तुझा दमा कमी झाला असेल असं धरून चालते. बिडी सुटली नसेल, हेही धरून चालते. तुझ्या बायकोले विचारलं म्हणून सांग. आमच्या इथी धानाचा रोवणा आटोपला, बाकी बरं असं काही नाई.

नातू विक्कीच्या हाताचं तुले माहीत आहे. जत्रेच्या वेळच्या वादळात दुकानावरचं टिन उडालं ते मनगटावर आलं. (हा ते पकडायले गेला. शहाणा.) जखम भरली, पण बोटायले चेतना देणारी आतली नस तुटलेली, आणि पिकल्यामुळे ती जागा निबर झाली. टेलर माणूस, अन् बोटं सुई धरत नाई. नागपूरच्या डॉक्टरीणबाईनं सांगितलं, पोटरीतली एक नस काढून हातात जोडू. हातातल्या त्या जागी रक्त पोचत नाई, म्हणून नसेले रक्त पाजणारी बारीक नळीही तिच्यासंगच काढू आणि हातातल्या नळीले जोडू. नाई तर एवढी लांब नस बसल्या जागी उपाशी मरते. मले लगेच समजलं. कोरड्या बांधीत धानाचे पऱ्हे लावायचे तर मुळाची माती झाडून कोण लावते? मी म्हटलं, मग माझ्या पायातली घ्या, मले काय आता नाचायचं आहे. ती म्हणे, आजी, दुसऱ्याची चालत नाही. (एवढं शिकून नाई म्हणायलेच शिकली.)

विक्कीनं मात्र पायातली रक्ताची नळी काढणार, एवढंच ऐकलं. पाय वाळला तर मशीन कोण मारेल, या भेवानं ऑपरेशनच्या आदल्या दिवशी चहा प्यायले म्हणून जो गेला तो गेलाच. बाई सांगून थकली होती की मोठ्या नळ्या पायातच राहतात, फक्त पावलाची बाहेरची कड बधिर होते. मग मी घरी येऊन पाय अंगाखाली दाबून बसली, आणि तो पुरा बधिर झाल्यावर विक्कीच्या मशीनवर उशीची खोळ शिवली. शिवण सरळ आली. (त्यात माझा पदरही शिवल्या गेला, पण तो डोळ्याचा दोष, पायाचा नाई.) खोळ या पत्रासंग कंडक्टर दसरूच्या हाती पाठवून राह्यली आहे. दाखवायच्या कामी येईल.

हसू नको लटारू. त्याच्या हाताचं मांस वाळून राह्यलं आहे, अंगठ्याच्या मुळाशी खड्डा पडला. बाई म्हणे, दिवाळीनंतर आणलं तर नस जोडूनही हात उठणार नाही. तिनं पुन्हा सोमवार दिला आहे. त्यानंतर ती कोणाची वाट पाहणार नाई, आणि तिचं बरोबर आहे.

तुझी बहीण,
सीता

ता.क. विक्की तुझ्याच घरी आहे. नाटक कंपनीचे कपडे शिवायले आलो, असं त्यानं सांगितलं असेल. एका हातानं राजाचा अंगरखा शिवते का कोणी? तुझ्या बायकोनं बुधवारी मटण घेतलं हे इथपर्यंत पोचलं. तुम्ही दोघं बुधवारी मटण खाणारे नाई. रविवारी सकाळच्या एस.टी.त त्याले खिडकीकडे बसव आणि तू बाहेरच्या बाजूनं बस.

ता.क. दुसरं. आजी भेली का, असं त्यानं विचारलं तर नाई म्हण. ऑपरेशनच्या दाराबाहेर माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तर लोकायले सांग, खर्ऱ्यातल्या तंबाखूचा ठसका लागला. खर्रा सोडून मले वर्ष झालं, पण नागपुरात ते कोणाले माहीत.