अभिप्राय वहीतलं पान

पोर्तो, ३ मार्च २०१९

ती. झुल्मीराताईस,
शि. सा. न.

मठाच्या शाळेतले शनिवार आठवतात का? मदर पेर्पेतुआ आपल्याला पाकावर तरंगणारा अंड्याच्या बलकाचा पापुद्रा उचलायला लावत. तुझा हमखास फाटायचा, आणि फाटलेला तूच खायचीस.

मी प्रयोगशाळेत नऊ वर्षं तेच केलं. ग्राफीन म्हणजे एका अणूच्या जाडीचा कार्बनचा पापुद्रा. तो तांब्याच्या पत्र्यावर वाढवायचा, तांबं विरघळवायचं, की पाण्यावर तरंगत राहतो. लवचिक सौरपट्टीत ऊन आत येतं ते त्याच्यातून, आणि वीज बाहेर जाते तीही त्याच्यातूनच. एक सुरकुती राहिली तर ती शेजारच्या नाजूक थराला भोसकते, पट्टी मरते. खालून, तिरपं, एका कडेने पाणी निथळू देत उचलायची रीत माझी. प्रोफेसर अमादेउंनी तिचं पेटंट स्वतःच्या आणि भाच्याच्या नावावर घेतलं. माझ्या निरोपाच्या जेवणात म्हणाले, डोना इदालीनाचे हात सोन्याचे, डोकं मात्र आम्हाला पुरवावं लागलं. सगळे हसले. मीही हसले, तेच सोसत नाही.

चार वर्षांपूर्वी तुझ्या शाळेच्या विज्ञानदिनी मी हीच रीत मुलींना दाखवली, आकृतीचे कागदही वाटले. प्रोफेसरांचा पेटंटचा अर्ज त्यानंतर पाच महिन्यांनी गेला. आधीच चारचौघांत उघड झालेल्या गोष्टीचं पेटंट टिकत नाही. आक्षेपाची मुदत जूनपर्यंत आहे. तो कागद तुझ्याकडे आहे का? मला क्षमा करायची नाही, ताई. त्यांचं पेटंट गेलेलं बघायचंय.

तुझीच,
इदालीना

व्हिझेव, ११ मार्च

चि. इदालीनास,
अ. उ. आ.

आधी तुझ्यासाठी प्रार्थना केली, मग कपाट उघडलं. पेटंट गेलं तर तुझ्याही हाती काही लागणार नाही, रीत सगळ्यांची होईल. हे कळून विचारते आहेस ना?

कागद सापडला. त्याखाली अभिप्राय वही होती. तुझे प्रोफेसर त्या दिवशी प्रमुख पाहुणे होते, हे तू विसरलीस. तारीख घालून, सहीनिशी लिहून गेलेत, की डोना इदालीनाने स्वतः शोधलेली ही रीत आपण आज प्रथमच पाहिली. तू पापुद्रे उचलायचीस त्या खोलीत ते कधी डोकावलेच नव्हते म्हणायचे.

क्षमा करावी असं मी मुलींना रोज शिकवते. खोटं झाकावं असं कधी शिकवलं नाही. काय करू ते कळव. आणि नीट जेवत जा.

झुल्मीरा

पोर्तो, १५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

पत्र तीनदा वाचलं. हाती काही लागणार नाही, ते चालेल. तुझी माया तेवढी आटू देऊ नकोस.

इदालीना

ता. क. वही पोस्टात टाकू नकोस. नोटरीकडून पानाच्या प्रती करून घे. एक प्रत आणि आकृतीचा कागद म्युनिकच्या युरोपीय पेटंट कार्यालयाला, माझ्या आक्षेपासोबत. एक आमच्या प्रयोगशाळेच्या संचालिकाबाईंना. भाच्याला नको, त्याने नुसती सही केली. आकृतीच्या कागदाची प्रत मागेल त्या प्रयोगशाळेला, फुकट. आणि प्रोफेसरांना त्या पानाची नुसती एक प्रत, साध्या पाकिटात. सोबत चिठ्ठी नको. स्वतःचं अक्षर ओळखतील.